ट्रॅपची वही कुणी मागते का?

बीडीडी चाळ, वरळी, मुंबई

प्रति,
मा. संचालक,
बाष्पके संचालनालय, महाराष्ट्र राज्य

महोदय,



बीडीडी चाळीतून वाफेविषयी पत्र आले म्हणून नवल वाटायला नको. या चाळी उभ्या राहिल्या त्याच गिरण्यांपायी. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले, मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसला, पन्नास हजार खोल्यांचा संकल्प झाला आणि प्रत्यक्षात सोळा हजारांच्या आसपास खोल्या बांधून काम थांबले. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. या खोल्यांमधल्या माणसांचे पोट ज्या गिरण्यांवर होते त्या गिरण्या वाफेवर वाढल्या होत्या. १९१५ साली टाटांची वीज खोपोलीहून आली आणि गिरण्यांची वाफेची एंजिने हळूहळू निघाली, पण बॉयलर राहिले. ताण्याला खळ लावून तो सुकवायला, कापड धुवायला, रंगवायला वाफच लागे. चाळींचे बांधकाम चालू असतानाच दिल्लीत एक कायदा झाला, १९२३ चा इंडियन बॉयलर्स ॲक्ट. शंभर वर्षे दोन्ही टिकले आणि योगायोग असा की दोघांचा खांदेपालट एकाच वर्षी झाला. २०२५ मध्ये संसदेने जुना कायदा रद्द करून नवा बॉयलर कायदा आणला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नव्या इमारतीत काय गळते ते रहिवासी बघून घेतील. नव्या कायद्यातून काय निसटते आहे, त्याविषयी हे पत्र आहे. (आपल्या पाटीवर ‘बाष्पके’ असा शब्द असला तरी बॉयलरखान्यात तो कुणी उच्चारत नाही, म्हणून पुढे बॉयलरच म्हणतो.)

आपल्या खात्याचा जन्म स्फोटाच्या भीतीतून झाला. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी बंगालने बॉयलर तपासणीचा कायदा केला, मग एकेका प्रांताने आपापला केला आणि अखेर १९२३ मध्ये सगळ्यांचा मिळून एक झाला. म्हणून कायद्याची नजर पहिल्यापासून कवचावर, जोडांवर, सेफ्टी व्हॉल्व्हवर आणि पाण्याच्या पातळीवर राहिली. वर्षातून एकदा बॉयलर थंड करायचा, आतून साफ करायचा, निरीक्षकाने तपासायचा, दाबाच्या पाण्याने कसोटी घ्यायची आणि साधारण बारा महिन्यांचा दाखला द्यायचा, या शिस्तीने किती जीव वाचवले असतील याची मोजदाद होऊ शकत नाही, कारण न झालेला स्फोट कुठल्याच दप्तरात नोंदला जात नाही. या शिस्तीबद्दल माझी तक्रार नाही, आदरच आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की ही नजर मुख्य स्टॉप व्हॉल्व्हपाशी येऊन बहुतेक थबकते. त्याच्यापुढे वाफ कारखानाभर हिंडते आणि शेकडो ठिकाणी एका लहानशा यंत्रापाशी तिचा प्रवास संपतो. त्या यंत्राला स्टीम ट्रॅप म्हणतात. त्याचा दाखला कुणी मागत नाही, बहुतेक ठिकाणी त्याची नोंद नसते, आणि लहान कारखान्यांमध्ये तर आपल्याकडे ट्रॅप नेमके किती, याचेही उत्तर मिळत नाही.

जे वाचक बॉयलरखान्यात कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो, आपण हा परिच्छेद सोडून दिलात तरी चालेल. सात किलो दाबाच्या (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सात किलो) एक किलो वाफेत जी उष्णता असते तिच्यातली सुमारे ४९० किलोकॅलरी ती पाणी होताना सोडते. कापड, दूध, औषध, साखर, जे काय तापवायचे ते याच उष्णतेवर तापते. उष्णता देऊन झालेली वाफ पाणी होते, त्याला कंडेन्सेट म्हणतात, आणि ते पाणी तिथून ताबडतोब हलवावे लागते, नाहीतर पुढच्या वाफेला जागा उरत नाही. पण नळ उघडा ठेवला तर पाण्यामागोमाग वाफही जाते. पाणी सोडायचे, हवा सोडायची आणि वाफ अडवायची हे काम ट्रॅप विजेशिवाय, माणसाशिवाय, दिवसरात्र करतो. कुणी पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्याने करतो, कुणी उलट्या बादलीने, कुणी तापमान ओळखणाऱ्या पडद्याने, कुणी वाफेच्या वेगानेच खाली बसणाऱ्या पोलादी चकतीने. यातला कुठलाही कायमचा टिकत नाही. पाइपातला गंज आणि कचरा बैठकीत अडकतो, चकती घासते, गोळ्याला भोक पडते, पडदा फाटतो. मग दोहोंपैकी एक होते. ट्रॅप बंद अवस्थेत अडकतो आणि पाणी तुंबते, किंवा उघडा राहतो आणि वाफ सरळ निघून जाते. कारखान्यातली माणसे याला ‘ट्रॅप पास होतोय’ असे म्हणतात.

इथे एक मेख आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. बंद पडलेला ट्रॅप त्याच पाळीत पकडला जातो, कारण मशिन तापत नाही, कापड ओले निघते, सुपरवायझर ओरडतो आणि फिटर धावत येतो. उघडा पडलेला ट्रॅप मात्र कुणालाच खुपत नाही. उलट मशिन लवकर तापते, पाणी कुठेच तुंबत नाही आणि उत्पादन खात्याच्या दृष्टीने सगळे झकास चाललेले असते. बिघाड झाल्यावर ज्याच्याबद्दल तक्रार येण्याऐवजी समाधान वाढते, असे दुसरे यंत्र कारखान्यात शोधूनही सापडायचे नाही. म्हणून त्याच्या बाबतीत ‘तक्रार आली की बघू’ ही आपल्याकडची सर्वमान्य देखभालपद्धत मुळातच लंगडी पडते. ट्रॅप शोधत जावे लागते, तो स्वतः बोलत नाही.

नुकसान किती, ते आकड्यात पाहू. सात किलोच्या दाबाला तीन मिलिमीटरच्या आसपासच्या, म्हणजे एक अष्टमांश इंचाच्या, भोकातून ताशी सुमारे २४ किलो वाफ जाते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने कारखान्यांसाठी काढलेल्या तक्त्यात हा आकडा आहे. यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो, आणि तो मला मान्य आहे. ट्रॅपच्या भोकातून वाफेबरोबर पाणीही जात असते, त्यामुळे प्रत्यक्ष गळती तक्त्यापेक्षा कमी निघते, आणि ट्रॅप विकणाऱ्यांना मोठा आकडा सांगण्यात रस असतोच. म्हणून निम्माच धरू, ताशी १२ किलो. वर्षाचे आठ हजार तास चालणाऱ्या कारखान्यात ही वाफ ९६ टन भरते. मध्यम प्रतीचा कोळसा आणि बरा चालणारा बॉयलर असेल तर एक किलो कोळशात साडेपाच किलो वाफ धरायला हरकत नाही, म्हणजे जवळपास साडेसतरा टन कोळसा जळून गेला. किलोला सात रुपये भाव धरला तर एक लाख बावीस हजार रुपये, तेही एका ट्रॅपपायी, ज्याची लहान आकारातली किंमत काही हजारांत बसते. आता ट्रॅपची संख्या घ्या. तीन ते पाच वर्षे देखभाल न झालेल्या जाळ्यात १५ ते ३० टक्के ट्रॅप बिघडलेले असू शकतात, आणि ठरल्या वेळी तपासणी होत असेल तर गळके ट्रॅप पाच टक्क्यांच्या आत ठेवता येतात, असे तेच ऊर्जा खाते सांगते. शंभर ट्रॅप असलेल्या रंगाई कारखान्यात आपण त्यातली खालची बाजू, पंधराच, धरू. ताशी १८० किलो वाफ झाली. तीन टनी, म्हणजे ताशी तीन टन वाफ देणाऱ्या, बॉयलरच्या ताकदीचा हा सहा टक्के भाग आहे. बॉयलरची कार्यक्षमता सहा टक्क्यांनी वाढवून देतो म्हणणाऱ्या माणसाला मालक खुर्ची देऊन बसवील, चहा सांगेल. तेच सहा टक्के पाइपाच्या शेवटी मोरीत चालले असतात, तिथे मात्र कुणी वाकून बघत नाही.

वाकून बघितले तरी दिसेलच असे नाही, हेही कबूल केले पाहिजे. ट्रॅपची तपासणी ही वरवर सोपी वाटणारी आणि हमखास फसवणारी गोष्ट आहे. सात किलोच्या दाबाखालचे कंडेन्सेट उघड्यावर सुटले की त्यातले सुमारे १३ टक्के पाणी तिथल्या तिथे पुन्हा वाफ होते. ही फ्लॅश स्टीम. वजनाने ती १३ टक्के असली तरी उघड्या हवेत एक किलो वाफ दीड घनमीटरहून अधिक जागा व्यापते, तेव्हा डोळ्यांना सगळा ढगच दिसतो आणि उत्तम चाललेला ट्रॅपही गळका वाटतो. मग कुणीतरी शहाणा चांगला ट्रॅप काढून नवा बसवतो, तोही तसाच ‘गळतो’, आणि ट्रॅप या वस्तूवरचाच विश्वास उडतो. जाणता माणूस ढगाकडे न पाहता नळाच्या तोंडाशी पाहतो. लाइव्ह स्टीम, म्हणजे ट्रॅपमधून सरळ निसटणारी वाफ, असेल तर तोंडापाशी ती जवळजवळ दिसतच नाही, जोरात सरळ सुटते आणि थोड्या अंतरावर पांढरी होते. फ्लॅश असेल तर ती तोंडापासूनच पांढरी, आळसटलेली, बहुधा थांबून थांबून येते. हल्ली प्रत्येकाच्या हातात तापमान मोजायची गन आली आहे. तिने बंद पडलेला, गार झालेला ट्रॅप चटकन कळतो, पण उघडा पडलेला कळेलच याची खात्री नाही, कारण त्या दाबाला वाफ आणि तिच्यापासून नुकतेच झालेले पाणी दोघांचे तापमान एकच असते, आणि पुढच्या पाइपात दाब असेल तर पलीकडची बाजूही गरमच लागते. गनवर विसंबून ‘सर्व ट्रॅप ठीक’ असा शेरा मारलेला अहवाल मिळाला तर त्याकडे संशयाने बघावे, असे माझे मत आहे.

उरतो कान. मोठा स्क्रू ड्रायव्हर ट्रॅपला टेकवून त्याची मूठ कानाशी धरण्याची जुन्या फिटरांची पद्धत हास्यास्पद मुळीच नव्हती. चकतीचा ट्रॅप नीट चालत असेल तर ठरावीक अंतराने टक्क करून उघडतो आणि मिटतो, चकती झिजली की तो कडकड वाजायला लागतो आणि पुढे मिटेनासा होऊन नुसता फुत्कारत राहतो. गोळ्याचा ट्रॅप मात्र सतत सोडतो, त्यामुळे त्याचा सततचा आवाज म्हणजे दोष नाही. हा फरक पुस्तकापेक्षा सरावाने येतो. माणसाच्या कानाची धाव सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत, आणि अरुंद फटीतून सुटणाऱ्या वाफेचा नेमका ओळखू येणारा आवाज बराचसा त्याच्या वर, पंचवीस ते चाळीस हजारांच्या पट्ट्यात. अल्ट्रासोनिक यंत्र तो आवाज उतरवून कानाला ऐकू येईल असा करते, शेजारच्या मशिनचा गोंगाट बाजूला टाकते आणि एका माणसाला एका दिवसात कितीतरी ट्रॅप तपासता येतात. गिरणीचा वाफेचा भोंगा हीसुद्धा एक ठरवून सोडलेली वाफच होती, ती ऐकून अख्खे गिरणगाव घड्याळ लावत असे. ट्रॅपमधून न ठरवता सुटणारी वाफ तिन्ही पाळ्यांत सुटते आणि कुणाचेच घड्याळ तिच्यावर चालत नाही. आवाज, नजर आणि तापमान या तिन्हींचा ताळा घालावा, एकावर भिस्त ठेवू नये, हे या कामातले जवळजवळ सर्वमान्य शहाणपण आहे. किती वेळाने तपासावे, याचेही ढोबळ वेळापत्रक आहे. साडेदहा किलोच्या वरच्या दाबाला आठवड्याने ते महिन्याने, त्याखाली दोन किलोपर्यंत महिन्याने ते तीन महिन्यांनी, आणि त्याहून कमी दाबाला वर्षातून एकदा.

इतके सगळे ठाऊक असून होत का नाही? माझ्या मते कारण तांत्रिक नाही, हद्दीचे आहे. बॉयलरखान्याची जबाबदारी वाफ दाबाने बाहेर देण्यापर्यंत. उत्पादन खात्याची जबाबदारी माल काढण्यापर्यंत. ट्रॅप दोघांच्या मधल्या जागेत, मशिनच्या मागे, जमिनीलगत, लॅगिंग (उष्णता अडवणारे आवरण) उखडलेल्या पाइपाच्या टोकाशी. चाळीत मजल्याच्या शेवटी सामाईक नळ असतो, त्याचा वॉशर गेला की प्रत्येक बिऱ्हाडाला पाणी वाहताना दिसते आणि प्रत्येकाला वाटते की दुसरा कुणीतरी प्लंबरला सांगेल. ट्रॅपचे तसेच आहे, फक्त त्याचे वाहणे दिसतही नाही. याच्या जोडीला बायपास व्हॉल्व्हची सवय आहे. सकाळी मशिन लवकर तापावे म्हणून ट्रॅपला वळसा घालणारा व्हॉल्व्ह उघडायचा आणि पाळी संपेपर्यंत तो तसाच ठेवायचा. अशा ठिकाणी ट्रॅप कितीही उत्तम असो, तो भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीसारखा नुसता टांगलेला असतो. दोन खात्यांच्या मधल्या जागेत पडलेली वस्तू आतून कुणी उचलत नाही, तिच्याबद्दल बाहेरून कुणीतरी विचारावे लागते. विचारायचा अधिकार असलेला आणि वर्षातून एकदा हमखास दारात येणारा बाहेरचा माणूस आपला निरीक्षक आहे.

यावर पहिला प्रश्न येईल तो असा, की वाफ मालकाची, कोळसा मालकाचा, नुकसान मालकाचे, सरकारने यात नाक का खुपसावे? याला मी दोन उत्तरे देतो. एक सुरक्षेचे. उघडा ट्रॅप पैसे खातो, पण तुंबलेला ट्रॅप माणूस खाऊ शकतो. पाइपात साठलेले पाणी वेगाने धावणाऱ्या वाफेच्या तावडीत सापडले की गोळ्यासारखे जाऊन वळणावर, व्हॉल्व्हवर आदळते, त्यालाच वॉटर हॅमर म्हणतात. १८ जुलै २००७ रोजी न्यूयॉर्कमध्ये लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूखालची वाफेची वाहिनी फुटली, भर रस्त्यात खड्डा पडला, एक बळी गेला आणि अनेक जण जखमी झाले. ती वाहिनी १९२४ ची, म्हणजे आमच्या चाळींच्या वयाची. पण चौकशीत दोष वयावर गेला नाही. गळती बुजवण्यासाठी वापरलेले रसायन आत उतरून ट्रॅप बुजले होते, पावसाच्या पाण्याने वाहिनी बाहेरून गार पडून आत भराभर पाणी झाले, त्याला वाट मिळाली नाही आणि वॉटर हॅमरने वाहिनी फोडली. बॉयलर शाबूत होता. आपल्या १९२३ च्या कायद्यातली स्टीम पाइपची व्याख्या इथे आठवावी. साडेतीन किलोवरच्या दाबाचा, किंवा २५४ मिलिमीटरपेक्षा मोठ्या आतल्या व्यासाचा आणि एक किलोवरच्या दाबाचा पाइप, आणि त्याला जोडलेली फिटिंगसुद्धा. ट्रॅप ही जोडलेली फिटिंग नाही तर काय आहे? व्याख्या लिहिणाऱ्याने दार उघडे ठेवले होते, आपण आत गेलो नाही.

दुसरे उत्तर धुराचे. वर धरलेला साडेसतरा टन कोळसा मालकाच्या पैशाने जळतो हे खरे, पण त्यातून निघणारा तीस टनांच्या आसपासचा कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्यासोबतची राख व गंधक मालकाच्या आवारात राहत नाहीत. आणि हा कोळसा जळून काही तापत नाही, काही रंगत नाही, शिजत नाही. ऊर्जेच्या नावाने वेगळा कायदा आहे, २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, त्याखाली मोठ्या ग्राहकांना ऊर्जा लेखापरीक्षण सक्तीचे आहे, मग आणखी कशाला, असे कुणी म्हणेल. कापड उद्योगात ही सक्ती वर्षाला तीन हजार टन तेलाइतकी ऊर्जा वापरणाऱ्यांपासून सुरू होते. फक्त कोळशात हिशेब मांडला तर ते दिवसाला सुमारे १८ टन भरतात. तीन टनी बॉयलर चोवीस तास पूर्ण ताकदीने चालवला तरी तो दिवसाला तेरा टनांच्या फारसा पलीकडे जात नाही. म्हणजे भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर किंवा तारापूर इथले असे लहानमोठे रंगाई कारखाने ऊर्जेच्या कायद्याला दिसत नाहीत कारण ते लहान आहेत, आणि त्यांचे ट्रॅप बॉयलरच्या कायद्याला दिसत नाहीत कारण ते फुटत नाहीत. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातल्या चिमण्या थंड झाल्या म्हणून वाफ संपली असे नाही, ती या गावांत गेली. मुंबईतही ती इस्पितळांच्या निर्जंतुकीकरणात आणि मोठ्या लाँड्र्यांमध्ये आहेच.

आपल्याकडून येऊ शकणारा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. निरीक्षक थोडे, बॉयलर फार, त्यात शेकडो ट्रॅप कुणी तपासायचे? शिवाय नव्या कायद्याचा रोख जाच कमी करण्याचा आहे, सातपैकी चारच गुन्ह्यांना फौजदारी शिक्षा ठेवली आहे, आणि मी तर नवा जाच सुचवतो आहे. मी निरीक्षकाने ट्रॅप तपासावेत असे म्हणतच नाही. प्रत्येक ट्रॅपला पत्र्याचा नंबर असावा. एक वही असावी. तिच्यात ट्रॅप कुठे आहे, कुठल्या जातीचा, किती दाबावर, शेवटचा कधी आणि कशाने तपासला, काय आढळले, कधी दुरुस्त झाला, आणि शेजारचा बायपास बंद आहे की उघडा, एवढे लिहिलेले असावे. वार्षिक तपासणीच्या दिवशी निरीक्षकाने ती मागावी, बस्स. दंड नको, दाखला अडवणे नको. दाखल्यावर ‘वही पाहिली’ किंवा ‘वही नाही’ असा शेरा पडला तरी मालक, विमा कंपनी आणि बँक या तिघांना तो वाचता येतो.

वही खोटी लिहिली जाईल, हे मी नाकारत नाही. आपल्या देशात बसल्या जागी रकाने भरण्याची कला फार पुढे गेलेली आहे. पण ट्रॅपच्या वहीचा खोटेपणा लपवणे अवघड आहे. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड टाकीच्या व्हेंटमधून अखंड वाफेचा लोट निघत असेल तर परतीच्या पाइपात लाइव्ह स्टीम शिरते आहे अशी दाट शंका घ्यावी, ते फाटकातून दिसते. वहीत सगळे ट्रॅप ठीक असूनही एक किलो कोळशामागे माल कमी निघत असेल तर तो हिशेब बॉयलरच्या लॉग बुकात आणि खरेदीच्या बिलांत बसलेला असतो. आणि निरीक्षकाने वहीतले कोणतेही तीन नंबर काढून ‘हे दाखवा’ म्हटले तरी पुरे. पत्र्याचा नंबर जागेवर नसला की पुढे काही ऐकायची गरज उरत नाही.

लहान कारखानदाराला अल्ट्रासोनिक यंत्र परवडत नाही, ही अडचण खरी आहे, पण ती एकेकट्याची आहे. सोलापूरच्या टॉवेल उद्योगात केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने लहान उद्योगांचा समूह म्हणून पूर्वी काम केलेले आहे. तशाच समूहाने एक यंत्र आणि ते चालवणारा एक तयार माणूस ठेवला तर तो महिनाभर फिरत राहू शकतो. ट्रॅपसाठी परदेशाकडे बघायचीही गरज नाही, ते पुण्यात बनतात. साखर कारखान्यांना तर निसर्गानेच सोय करून दिली आहे. गळीत हंगाम संपला की सहाएक महिने दुरुस्तीचे, त्यात ट्रॅप उघडून साफ करता येतात, आणि हंगाम चालू असताना आवाजाने तपासता येतात. तिथे ‘चिपाड फुकटचे आहे, वाफ गेली तर गेली’ असे म्हणण्याची पद्धत होती. सहवीज प्रकल्प आल्यापासून त्या चिपाडाची वीज विकली जाते, त्यामुळे ते फुकट राहिलेले नाही. शिवाय ट्रॅपची वही ठेवणाराच कंडेन्सेट परत आणण्याचा विचार करतो. फीडचे पाणी सहा अंशांनी अधिक गरम मिळाले की इंधन सुमारे एक टक्का वाचते, आणि कंडेन्सेटचे पाणी शुद्ध असते. सोलापुरात उन्हाळ्यात पाण्याची किंमत काय असते ते सोलापूरकरांना सांगायला नको.

नियम करणे आपल्या हातात नाही, ते केंद्रीय बॉयलर मंडळाचे काम आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्या मंडळावर राज्यांचे प्रतिनिधी बसतात, आणि नवा कायदा आल्यावर नियमांची फेरमांडणी होत असताना महाराष्ट्राने एक कलम सुचवले तर ते ऐकले जाईल इतका कारखान्यांचा भार हे राज्य उचलते. तोवरचे दोन उपाय मात्र आपल्याच टेबलावर आहेत. बॉयलर अटेंडंटची परीक्षा आपल्याच यंत्रणेमार्फत होते. तिच्या तोंडी परीक्षेत फ्लॅश स्टीम आणि लाइव्ह स्टीम यांतला फरक विचारायला सुरुवात करा, म्हणजे दोन-तीन वर्षांत बॉयलरखान्यांमध्ये तो ओळखणारी माणसे दिसू लागतील. आणि वार्षिक तपासणीची तारीख कळवणारे जे पत्र कारखान्याला जाते, त्यात बॉयलर थंड व साफ ठेवावा, जुनी कागदपत्रे हजर ठेवावीत, अशा सूचना असतात. पुढच्या पत्रापासून त्यांच्याखाली एक ओळ वाढवा: ‘ट्रॅपची वही सोबत ठेवावी.’

आपला,
बीडीडी चाळीतला एक रहिवासी